जोडतास

स्टाफरूमच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात कुणीतरी लाल मार्करने एक आडवी रेघ ओढली होती. कुणीतरी कशाला, मोठ्या सरांनीच, म्हणजे मुख्याध्यापकांनीच ओढली होती. रेघेच्या टोकाला त्यांची ती गोल, संथ, झोपेतून उठल्यासारखी सही होती आणि सहीशेजारी ‘रद्द’. खांद्यावरची पर्स न काढता ती तिथेच उभी राहिली. मागे कुणीतरी कप विसळत होतं, कुणीतरी वह्यांच्या गठ्ठ्यावर हनुवटी टेकून सकाळीच पेंगत होतं. एवढी ठसठशीत लाल रेघ, पण कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ती या शाळेची पर्यवेक्षिका. वेळापत्रक लावायचं काम कुणालाच नको असतं म्हणून कधीतरी ते तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या माघारी सगळे तिला वेळापत्रकबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. ‘एवढ्या बाया-बाप्यांना तू बोटांवर नाचवतेस आणि घरी माझा चहा मात्र रोज मधल्या सुट्टीत,’ असं नवरा चिडवायचा. गेल्या मोठ्या सुट्टीत जेवणाचं टेबल अडवून, नवऱ्याला ताट मांडीवर घ्यायला लावून तिने हे वेळापत्रक मांडलं होतं. त्यातले हिरव्या शाईचे चौकोन तिचे लाडके होते. नेमकी त्याच चौकोनांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रेघ गेली होती.

त्या चौकोनांना तिने जोडतास असं नाव दिलं होतं. वेगळ्या तऱ्हेने शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत एक शिक्षिका होत्या. पोरं त्यांना विशेष बाई म्हणायची, आणि मग सगळेच म्हणायला लागले, काही जण जरा ओठ दुमडून. जिन्याखालच्या खोलीत त्या एकेका मुलाला घेऊन बसत. पण मूल तिथे थोडाच वेळ असतं, बाकी सबंध दिवस ते आपल्या वर्गात, चाळीस-पंचेचाळीस पोरांत, काही न कळलेल्या शिक्षकापुढे. तिथे काय करायचं ते त्या शिक्षकाला कोण शिकवणार? म्हणून रोज एक तास असा, की विशेष बाई आणि कुठल्या तरी एका वर्गाच्या शिक्षिका दोघी एकाच वेळी मोकळ्या. दोघींनी समोरासमोर बसायचं आणि त्या एका मुलाबद्दल बोलायचं. बस, एवढंच. पण एवढंसं करायला अख्खी शाळा हलवावी लागते. लहान घरात एक कपाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे न्यायचं तर आधी पलंग, टेबल, माणसं, सगळं बाहेर काढावं लागतं, तसं. खेळाचे सर रुसले, गाण्याच्या बाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. तिने सगळ्यांची समजूत काढली, एकदोघांना दम दिला, आणि तास बसवला. आणि तो चालला! तिसरीतली ती मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, कारण आली तेव्हा ती वर्गाच्या कोपऱ्यात नुसती स्वतःभोवती फिरत राहायची, ती आता बाकावर बसून वाचत होती. जाड कागदाला खिडकी कापलेली, त्या खिडकीतून पुस्तकाची एकच ओळ दिसेल अशी. ती खिडकी सरकवत सरकवत, एकेक ओळ, हळू, पण स्वतःच्या आवाजात. हे तिसरीच्या बाईंना कुणी शिकवलं? बी.एड.च्या पुस्तकाने? त्या पोरीचा आवाज ज्या दिवशी पहिल्यांदा वर्गात ऐकू आला त्या दिवशी तिसरीच्या बाई स्टाफरूममध्ये येऊन ढसाढसा रडल्या होत्या, आणि विशेष बाई नुसत्या म्हणाल्या होत्या, “आता तिला घाई करू नका हं.”

मोठे सर केबिनमध्ये कोमट पाणी पीत होते. ते कधी आवाज चढवत नसत. यानेच तिचं डोकं अधिक फिरायचं. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

“बसा ना, बाई. रेघेबद्दल आलात ना? मला वाटलंच.”

“सर, मला विचारलं तरी असतंत.”

“अहो, विचारायचं काय त्यात? दोन शिक्षक रजेवर आहेत. वर्ग रिकामे राहतात, पोरं दंगा करतात, पालक खाली उभे राहून बघतात. तुमच्या विशेष बाईंचा तास मोकळाच असतो…”

“मोकळा नसतो तो.”

“असं बघा. आपण एवढा खर्च करून दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. सगळ्यांचं घेतलं, शिपायांनासुद्धा बसवलं. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. म्हणजे आता आपल्याकडे सगळेच विशेष बाई. मग एकीपुढे बाकीच्यांनी रोज शिकायला कशाला बसायचं? जोडतासाचं काम झालं, बाई. यशस्वी झालं म्हणा ना.”

“दोन दिवस शिवणक्लासला जाऊन आलेल्या माणसाकडे तुम्ही तुमचा कोट शिवायला द्याल का, सर?”

ते हसले. मनापासून हसले, हेच वाईट. “तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार! बरं, आजपासून त्यांना नववीवर पाठवा. नववीचा वर्ग फार माजलाय.”

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. व्हरांड्यात पोरं रांगेने चालली होती आणि नेहमीसारखी भिंतीला बोटं घासत चालली होती. तिने एकाला उगाचच दटावलं. मग स्वतःवर चिडली. यशस्वी झालं म्हणा ना! त्या दोन दिवसांचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून पुन्हा जायला लागलं. गालाला चिकटवलेला माईक लावून मंचावर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरणारा तो प्रशिक्षक, गोरागोमटा, घाम न येणारा. ‘प्रत्येक मूल एक तारा आहे,’ असं तो म्हणाला तेव्हा गाण्याच्या बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मग म्हणे डोळ्यांवर पट्ट्या बांधा आणि चालून बघा, म्हणजे तुम्हाला त्यांचं दुःख कळेल. झालं! पट्ट्या बांधून सगळ्यांनी धमाल केली. खेळाचे सर मुद्दाम बिस्किटांच्या टेबलावर जाऊन आदळले आणि जमेल तेवढी बिस्किटं खिशात घालून परत आले. हशा पिकला. ज्यांना कधीही पट्टी सोडता येणार नाही त्यांचं दुःख सगळ्यांना असं अर्ध्या तासात कळून आलं, फोटो निघाले. आणि विशेष बाई कुठे होत्या? हॉलच्या दाराशी. चहा वेळेवर येतो की नाही ते बघायला त्यांना उभं केलं होतं. ज्या विषयाचं प्रशिक्षण, तो विषय ज्या एकाच माणसाला येतो, ते माणूस चहा बघतंय! तिने प्रशिक्षकाला मध्येच म्हटलंही होतं, यांना दोन शब्द बोलू द्या. तो गोड हसून म्हणाला होता, ‘नक्की, शेवटी वेळ उरला तर.’ वेळ उरला नाही. शेवटी त्याने सगळ्यांना टाळी शिकवली. कौतुकाची टाळी. मुलाने काहीही प्रयत्न केला की सगळ्या वर्गाने मिळून वाजवायची, आधी दोन सावकाश, मग तीन भरभर, मग एकदम कडकडाट. सबंध हॉल वाजवत होता, आणि पहिल्या रांगेत मोठे सर, डोळे मिटून, तालात.

टाळी. तिच्या दादाला टाळ्या मिळाल्या होत्या. ती दुसरीत, दादा पाचवीत, आणि तिचा वर्ग दुरुस्तीला काढलेला म्हणून काही दिवस त्यांना पाचवीच्या मागच्या बाकांवर बसवलं होतं. गुरुजींनी दादाला उभं केलं. वाच. दादा एका शब्दापाशी अडला, तो सुटला, पुढच्याशी अडला. वाक्य संपायला इतका वेळ लागला की पोरांनी पेन्सिलींना टोकं काढून घेतली. वाक्य संपलं आणि गुरुजी म्हणाले, ‘वा! साहेबांसाठी टाळ्या!’ सगळ्यांनी वाजवल्या. दादा हसत होता. त्याला हसायलाच पाहिजे होतं, दुसरं काय करणार होता? आणि सगळे वाजवत होते म्हणून मागच्या बाकावर तिनेही वाजवल्या, तिला वाटलं खरंच कौतुक आहे. घरी येताना दादाने तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दादा आता एका दुकानात सामान चढवतो-उतरवतो. हातात कागद आला की म्हणतो, ‘चष्मा घरी राहिला गं, तूच वाच.’ दादाला चष्मा नाही. कधीच नव्हता. आईला वाटायचं पोरगा मठ्ठ, वडिलांना वाटायचं आळशी, गुरुजींना वाटायचं दोन्ही. शाळेतल्या एवढ्या माणसांपैकी एकाला, फक्त एकाला कुणीतरी शिकवलं असतं की अशा पोराला एका वेळी एकच ओळ दाखवायची असते! कुणाला शिकवलं नाही, कारण तेव्हाही कुणीतरी कोमट पाणी पीत बसलेलं असणार.

विशेष बाई जिन्याखालच्या खोलीला कुलूप लावताना दिसल्या. हातात नववीचं हजेरीपुस्तक.

“तुम्ही काही बोलत का नाही हो?” ती जवळजवळ ओरडलीच.

“काय बोलू?” विशेष बाई म्हणाल्या. “आधीच्या शाळेत मला वर्षभर भांडारात बसवलं होतं. सवय आहे.”

“सवय! तुमच्या या सवयीनेच सगळे डोक्यावर मिरे वाटतात.”

विशेष बाईंनी किल्ली पदराला पुसली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही रागावलेल्या आहात. थोडा वेळ काही ठरवू नका.” आणि जिना चढून गेल्या. मुलांना सांगावं तसं तिला सांगून गेल्या, म्हणून तिचा राग आणखीच चढला.

बदली तासांचा फळा तीच लिहायची. कोण रजेवर, त्याच्या जागी कोण. खडू हातात घेऊन ती फळ्यासमोर उभी राहिली आणि तिला एकदम आठवलं की मुख्याध्यापकांनीही आठवड्याला काही तास शिकवायचे असतात. नियमच आहे तो. कागदोपत्री तिसरीचे भाषेचे काही तास मोठ्या सरांच्या नावावर होते. वर्षानुवर्षं ते दुसरंच कुणीतरी घेत होतं आणि सगळे त्याकडे कानाडोळा करत होते, त्यात तीही आली. चौथीच्या बाई आज रजेवर. तिने लिहिलं: चौथी, तिसरीच्या बाई. त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात: तिसरी, मुख्याध्यापक. खडू दाबून लिहिला, तो मोडला. मागे पेंगणारा माणूस जागा झाला. खेळाच्या सरांनी शीळ घातली. “आज काही खरं नाही,” ते म्हणाले. तिला फार बरं वाटलं. खूप दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. सगळेच विशेष बाई झालेत ना? मग घ्या वर्ग. उभे राहा त्या पोरीसमोर, बघू प्रमाणपत्र किती कामाला येतं ते. आपण काय म्हणायचं याची वाक्यं ती जुळवायला लागली, एकाहून एक धारदार. भिंगरीचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण तो त्या वाक्यांच्या मध्ये कुठेतरी आला आणि निघून गेला.

मोठ्या सरांनी फळा वाचला. सगळी स्टाफरूम वह्यांत डोकं खुपसून बघत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, आणि हसून म्हणाले, “बरोबर आहे. आम्हालाही कधीतरी कामाला लावा.” आणि खरोखरच गेले. ते भांडले असते तर तिने त्यांना सोडलं असतं. ते गेले म्हणून तीही मागोमाग गेली, आणि तिसरीच्या उघड्या दारापाशी, भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. बाजूच्या चौथीत तिसरीच्या बाई पाढे म्हणून घेत होत्या. वर कुठेतरी नववीचा गलका आणि त्यात विशेष बाईंचा आवाज बुडालेला.

सर वाईट शिकवत नव्हते. हे तिला आवडलं नाही. त्यांनी पोरांना हसवलं, फळ्यावर एक जाडा बेडूक काढला, मग म्हणाले, “चला, हा धडा कोण वाचणार?” पुष्कळ हात वर झाले. आणि खिडकीजवळच्या बाकावरून, सगळ्यांच्या नंतर, एक हात अर्धा वर आला. भिंगरीचा. अनोळखी माणसासमोर तिने हात वर केल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. सरांनी नेमका तोच हात निवडला. भिंगरी उभी राहिली, कागदाची खिडकी पहिल्या ओळीवर ठेवली आणि वाचायला लागली. एक ओळ. खिडकी सरकली. दुसरी ओळ. एका शब्दापाशी थांबली. वर्गही थांबला, एका पोराने साधं नाक ओढलं नाही, आणि शब्द निघाला. परिच्छेद संपला. तिने मान वर केली, आणि सगळ्या वर्गाने, तिसरीच्या बाईंनी लावलेल्या वळणाप्रमाणे, दोन्ही हात उंच करून बोटं नुसती हलवली. एवढी सगळी बोटं, आवाज मुळीच नाही. भिंगरी हसली.

“अरे, हे काय?” मोठे सर म्हणाले. “तिने एवढं छान वाचलं, आणि तुम्ही असे मुकाट? टाळ्या कोण वाजवणार?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तिला नाही आवडत.”

“कौतुक कुणाला आवडत नाही, वेडे? चला, मी सांगतो तशी. आधी दोन सावकाश…” आणि त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांपासून लांब नेले.

ते तळहात दाराआडून तिने पाहिले. दार उघडं होतं, अंतर दोन पावलांचं. ‘सर’ एवढा एक शब्द पुरेसा होता, नुसतं खाकरणं पुरेसं होतं. तिने तोंड उघडलंही. आणि मिटलं. कारण तिला हवं होतं ते आता घडणार होतं. वाजवा, ती मनात म्हणाली. वाजवा, म्हणजे कळेल.

त्यांनी वाजवल्या. मोठे सर वाजवताहेत म्हटल्यावर पोरांनीही वाजवल्या, आधी बिचकत, मग जोरात, मग कडकडाट, कारण टाळ्या एकदा सुरू झाल्या की हाताला आवरत नाहीत. भिंगरीच्या हातून पुस्तक पडलं. तिने कानांवर हात दाबले, तोंड उघडलं, पण टाळ्यांत तिची किंकाळी आधी ऐकूच आली नाही. टाळ्या विरल्यावर ऐकू आली. ती बाकाखाली गेली होती आणि बाकाच्या लोखंडी पायावर डोकं आपटत होती, पुन्हा पुन्हा, आणि तो ठणठण आवाज त्या खोलीत सगळीकडे होता.

सर दारापर्यंत मागे आले. तिला तिथे पाहून त्यांना नवल वाटलं नाही. चेहरा पांढराफटक. “मला… बाई, मला खरंच माहीत नव्हतं हो,” ते म्हणाले. त्यांचे हात अजून अर्धवट जुळलेले होते. ते त्यांनी पाठीमागे नेले. “काय करायचं असतं अशा वेळी? तुम्हाला माहितीये? बोलवा ना त्यांना, विशेष बाईंना बोलवा.” मग आवाज आणखी खाली आला. “ती रेघ पुसतो मी. राहू द्या तुमचा तास. रोज राहू द्या.”

ती जिंकली होती. जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं तोंडाशी होती आणि एकही बाहेर येईना. अशा वेळी काय करायचं असतं ते तिलाही माहीत नव्हतं. सबंध शाळेला एकत्र बसवून शिकायला लावणारी ती, स्वतः एकाही जोडतासाला बसली नव्हती. तिला वेळ नव्हता. सर जिन्याकडे धावले, आयुष्यात पहिल्यांदा धावत असतील असे. ती वर्गात शिरली, बाकापाशी गेली, वाकली, “बाळा,” म्हणाली, “अगं बाळा, काही नाही झालं.” आत ठणठण वाढली.

तिसरीच्या बाई चौथीतून आल्या. कुणाकडे न बघता त्यांनी दिवे बंद केले, पोरांना एका हाताने भिंतीकडे सरकवलं आणि सरळ फरशीवर आडव्या झाल्या, नव्या कोऱ्या साडीसकट, त्या पोरीच्या उंचीवर. हात लावला नाही. शब्द काढला नाही. लोखंडी पायाच्या आणि त्या डोक्याच्या मध्ये आपला पालथा तळहात हळूच ठेवला आणि राहिल्या. ठणठण थांबली. आता प्रत्येक वेळी डोकं त्या हातावर आपटत होतं, आणि बाईंचे डोळे प्रत्येक वेळी बारीक मिटत होते.

बऱ्याच वेळाने, तशाच पडल्या पडल्या, मान न वळवता, त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुम्ही दारातच होतात ना?”

“हो.”

“टाळ्यांच्या आधीपासून?”

तिने त्या पालथ्या तळहाताकडे पाहिलं. मघापासून सरांवर, त्या प्रशिक्षकावर, दादाच्या गुरुजींवर धगधगणारा राग आता फिरून तिच्याकडेच बघत होता.

“जा तुम्ही, बाई,” तिसरीच्या बाई म्हणाल्या. “तुमच्या चपलांचा आवाज होतोय.”

भिंतीशी उभी असलेली पोरं तिच्या पायांकडे बघायला लागली. तिने खाली वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि पाऊल न वाजवता व्हरांड्यात आली.